काचेतली नवरी

१

नवरी पळाली, ही बातमी गुरुवारी सकाळी आठच्या आत जावा बेटावरच्या रांदुगेडे गावभर झाली. नवरी उसाची होती, पण म्हणून काय झालं? नवरी पळाली म्हटल्यावर हातातला चहा ठेवून माणसं बघायला येतातच.

रांदुगेडेचा साखर कारखाना बंद पडून पंचवीस वर्षं झाली होती आणि आता त्याचं कलाभवन होत होतं. बॉयलर होते तिथे गाण्याचं सभागृह, साखरेच्या गोदामात चित्रं, मळीच्या टाकीत चक्क लहान मुलांचं वाचनालय. गाळपाच्या दालनात मोठे रोलर घासूनपुसून तसेच ठेवले होते, आणि त्यांच्यासमोर काचेच्या कपाटात कारखान्याचं शेवटचं जोडपं उभं होतं. दर हंगामाआधी दोन शेतांतून दोन ऊस निवडायचे, एकाला नवरा करायचं, एकीला नवरी. लाकडी मुखवटे बांधायचे, बातिकचं छापील वस्त्र नेसवायचं, वाजतगाजत लग्न लावायचं आणि हंगामाचं पहिलं गाळप म्हणून दोघांना एकत्र रोलरमध्ये घालायचं. रोलरमधून गेल्याशिवाय लग्न पुरं होत नाही. शेवटचं जोडपं रोलरपर्यंत पोचलंच नव्हतं. मांडव सजलेला असतानाच कारखाना बंद झाल्याची तार आली होती.

गुरुवारी सकाळी सातला कलाभवनाच्या संचालक बु प्रिस्का दालनात आल्या, तेव्हा कपाटात नवरा एकटाच उभा होता. कुलूप जागच्या जागी, काच शाबूत. शनिवारी उद्घाटन. बु प्रिस्का, म्हणजे प्रिस्काबाई, जकार्ताच्या. आवाज चढवत नसत, पण त्यांची मान ताठ झाली की माणसं आपोआप सरळ उभी राहत.

कपाटाच्या किल्ल्या दोनच. एक त्यांच्याकडे, दुसरी रखवालदार पाक सारपानकडे; पाक म्हणजे राव. सारपान चौऱ्याहत्तरचा. उभी हयात रोलरवर काढली आणि कारखाना बंद पडल्यावर बायको गेली, मुलगा समुद्रापलीकडे कालिमांतानला गेला, तरी हा फाटकाजवळच्या खोलीतून हलला नाही. पहाटे कुठे होतास, असं विचारलं तर म्हणाला, "इथंच होतो." नवरी कुठाय, असं विचारलं तर छताकडे बघत राहिला.

बु प्रिस्कांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "उद्या दुपारी बारापर्यंत नवरी परत आली नाही, तर पाक सारपानना खोली सोडावी लागेल. मग पुढचं पोलीस बघतील."

गर्दीत मागे बु वेनिंग उभी होती.

वेनिंग त्रेसष्ट वर्षांची. पंधरा वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासला. आता कलाभवनात तिला एक टेबल, एक खुर्ची आणि 'माहिती विचारा' अशी पाटी दिली होती. माहिती विचारायला अजून कुणी आलं नव्हतं. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, मूलबाळ नाही, आणि बारा घरांच्या चाळीत अकरा घरांना कुलपं. रोज दुपारी चारला तिच्या दाराची कडी एकच माणूस वाजवायचा. शेवटच्या लग्नात ती नवरीची आई म्हणून पाटावर बसली होती आणि सारपान नवऱ्याचा बाप म्हणून. तेव्हापासून तो तिला विहीणबाई म्हणायचा, ती त्याला व्याहीबुवा. दोघांनी चहात मूठभर साखर घालायची आणि एकमेकांच्या खानदानाची उणीदुणी काढायची, हा पंचवीस वर्षांचा शिरस्ता. सारपान गेला तर चार वाजतील, पण कडी वाजणार नाही.

ती पुढे झाली आणि म्हणाली, "बु प्रिस्का, उद्या बारापर्यंतचा वेळ मला द्या. मी शोधते."

"तुम्ही? कसं?"

"पंधरा वर्षं मी एकच काम केलं. लोक सांगायचे ऊस गोड आहे, आणि मी तपासायचे."

बु प्रिस्कांनी जरा विचार केला आणि आपली किल्ली तिच्या हातावर ठेवली.

२

वेनिंगनं आधी गाठलं वास्तुरचनाकार मास एर्लांगला, सगळ्यांच्या एर्लांगदादाला. बांडुंगचा हुशार मुलगा, कारखान्याची एक वीट वाया जाऊ दिली नव्हती त्यानं. बुधवारी संध्याकाळी कपाटातले दिवे ठीक करायला बु प्रिस्कांची किल्ली त्याच्याकडे होती, हे त्यानं स्वतःच सांगितलं. तीन आठवडे ते दिवे दिवसभर चालू असतात, आत भट्टीसारखं तापतं, म्हणून कमी करायला गेला होता. तेव्हा नवरी होती. सारपानची खोली त्याला तिकीटखिडकीसाठी हवी होती, हेही त्यानं लपवलं नाही.

"पण त्यासाठी मी नवरी कशाला चोरू, बु? उलट ते जोडपं म्हणजे माझ्या सगळ्या आराखड्याचा जीव आहे. ते मुखवटे मागायला सोलोचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी तीनदा येऊन गेलाय. त्याला विचारा."

व्यापाऱ्याचं तिला पटेना. मुखवटे दोन, आणि जोडी असली तरच त्यांना किंमत. कुलूप उघडायची सोय असलेला चोर एकच मुखवटा नेऊन दुसरा कशाला सोडेल?

मग ती म्हाताऱ्या म्बाह गियाहकडे, गियाहआजीकडे गेली. गावातल्या सगळ्या नवऱ्या हिनंच सजवलेल्या, उसाच्या आणि माणसांच्याही. गियाहला नवरी गेल्याचं जराही दुःख नव्हतं.

"लग्न लावून पोरीला पंचवीस वर्षं उंबऱ्यावर उभी ठेवतं का कुणी? शेवटी कंटाळून गेली असेल तिची ती," म्हातारी म्हणाली. "आणि मला काय विचारतेस? तीन आठवड्यांपूर्वी कपाटात ठेवायच्या वेळी म्हटलं, आणा, नीट सजवून देते. तुझ्या त्या सारपाननं मला हात लावू दिला नाही. सगळं आहे तसंच आहे म्हणाला. आहे तसंच कसलं? नवऱ्याच्या नेसणाच्या चुण्या उलट्या पडल्यात. माझ्या हातच्या चुण्या मी ओळखत नाही होय? उद्घाटनात चारचौघांत मी बोलणार होते, पण म्हटलं जाऊ दे, मेल्याला बायको नाही शिकवायला."

वेनिंग हसली, पण परत येताना ते उलटं नेसण तिच्या डोक्यातून जाईना. म्हणजे कुणीतरी नवऱ्याचं वस्त्र सोडून पुन्हा नेसवलं होतं, आणि त्याला ते जमलं नव्हतं.

सारपान आपल्या पायरीवर बसला होता. बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेला एक लांब ऊस, पाला सोललेला, बुडाशी कोयत्याचा ओला काप. उसाच्या गावात ऊस काय नवलाचा, तिनं त्याच्याकडे सहज पाहिलं.

"हा कशाला?"

"चघळायला," सारपान म्हणाला. "विहीणबाई, तुम्ही यात पडू नका. खोली गेली तर गेली. मुलाकडे जाईन."

मुलानं सहा वर्षांत फोन केलेला नाही, हे दोघांनाही माहीत होतं. घरी येऊन तिनं भात मांडला, आणि पहिला घास तोंडाशी नेता नेता थांबली. सारपानच्या तोंडात दात उरले होते चार. ऊस काय, सोयाबीनचं तळलेलं टेंपेसुद्धा तो चहात बुडवून खायचा.

३

जेवण तसंच झाकून ती दालनात आली. भर दुपार होती, कामगार जेवायला गेले होते. तिनं कपाट उघडलं आणि आधी वास घेतला. प्रयोगशाळेतली पहिली सवय ती. आंबूस वास होता, अगदी हलका, शिळ्या ताडीसारखा.

मग तिला मुंग्या दिसल्या. कपाटाच्या तळाच्या फटीतून निघून, नवरी उभी होती तिथल्या लाकडावरून एक बारीक रांग चालली होती. तिथे एक चिकट डाग होता, नखाएवढा. पंचवीस वर्षांचा वाळलेला ऊस म्हणजे केरसुणीची काडी. त्यात मुंग्यांनी काय खावं?

तिनं घरून एक जुनी पितळी नळी आणली होती. कारखाना बंद झाला त्या दिवशी साहेबांनी ती तिला भेट म्हणून दिली होती. रसाचा थेंब काचेवर ठेवायचा, नळी उजेडाकडे धरायची, आत गोडी किती ते आकड्यात दिसतं. तिनं डाग ओल्या बोटानं कालवला, काचेवर घेतला आणि पाहिलं. पाण्यात कालवलेला असूनही आकडा चढला होता. ताजा रस. फार तर महिन्याभराचा.

म्हणजे काल संध्याकाळी एर्लांगनं पाहिली ती शेवटच्या लग्नातली नवरी नव्हतीच. जुने कपडे आणि जुना मुखवटा घातलेला तो नुकता तोडलेला ऊस होता. दिव्यांच्या उबेनं तो आंबला असेल, कदाचित पेरावरच्या डोळ्यातून कोंबही आला असेल. सोंग उघडं पडायच्या आत कुणीतरी त्याला हलवलं, आणि जागी ठेवायला दुसरा ऊस आणायला गेलं. तेवढ्यात बु प्रिस्का नेहमीपेक्षा लवकर आल्या.

काल रात्री कोण कुठे होतं, हा प्रश्नच फिजूल होता. खरी नवरी केव्हाच गेलेली होती.

वेनिंगनं नवऱ्याकडे पाहिलं. उलट्या चुण्या नेसून, रंगवलेले डोळे ताठ ठेवून तो उभा होता. तिनं केसातली पिन काढली, त्याचं वस्त्र घोट्याशी जरा उचललं आणि बुडाच्या पेरात पिन खुपसली.

पिनेच्या टोकावर पाण्यासारखा थेंब आला. नवराही खोटा होता.

४

कारखान्याची अब्रू म्हणून ठेवलेलं जोडपं अख्खंच्या अख्खं बदललेलं, आणि मुखवटे, कपडे मात्र खरे. व्यापाऱ्यानं मुखवटे नेले असते आणि ऊस टाकला असता. इथे उलट झालं होतं. कुणाला तरी फक्त ते दोन वाळके ऊस हवे होते. वाळक्या उसाचं काय करतात? चुलीत घालतात. किंवा मग...

ती वळून रोलरांकडे गेली.

माणसाच्या उंचीचे तीन रोलर, एकमेकांना भिडलेले. कारखाना बंद झाला तेव्हा गंजू नयेत म्हणून त्यांना काळं ग्रीस फासलं होतं, ते खाचांमध्ये अजून तसंच घट्ट होतं. पुढे भवनाचं काम सुरू झाल्यावर, मुलांनी हात घालू नये म्हणून कडेचे गज वेल्डिंगनं रोलरला कायमचे जोडून टाकले. ते मागच्या वर्षी जानेवारीत. वेनिंग तेव्हा सुराबायात भावाकडे होती. नवरा गेल्यावर भाऊ घेऊन गेला, आता इथेच राहा म्हणाला, आणि ती सहा महिने राहिलीही. तिथे माणसं पुष्कळ होती. बोलायला कुणी नव्हतं.

पिन तिच्या हातातच होती. दोन रोलरांच्या मधल्या खाचेत तिनं ती फिरवली. आत भुसा होता. ग्रीसच्या खाली असता तर जुन्या हंगामाचा म्हणता आला असता. हा ग्रीसच्या वर चिकटला होता, करडा, कोरडा, बोटात धरताच पीठ होणारा. आणि जिथे वेल्डिंगचा ठिपका पडला होता, तिथे तो जळून काळा झाला होता. म्हणजे रोलर जखडले त्याच्याआधी, पण ग्रीस फासल्याच्या पुष्कळ नंतर, यातून काहीतरी गेलं होतं.

वाफ नाही, वीज नाही. पण टोकाला एक हातचाक होतं. रोलर अडकला की हातानं उलटा घ्यायला ठेवलेलं. ते चाक एकट्यानं फिरवायचं तर पाय कुठे रोवायचा हे ठाऊक पाहिजे. ते ठाऊक असलेला माणूस रांदुगेडेत एकच जिवंत होता.

तिनं भुशाची चिमूट रुमालाच्या टोकाला बांधली. आणि मग, का कोण जाणे, तिला भयंकर राग आला.

५

शुक्रवारी सकाळी नऊला तिनं सारपानची कडी वाजवली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या खोलीत शिरत होती. सारपाननं घाईघाईनं स्टूल पुसलं. तिनं रुमाल सोडून त्याच्यासमोर धरला.

सारपाननं ती चिमूट बोटानं चाचपली. मग म्हणाला, "एक थेंब नाही निघाला, विहीणबाई. मी खाली भांडं धरलं होतं."

मग त्यानं सगळं सांगितलं. वेल्डिंगवाला सोमवारी येणार होता. रोलर एकदा जखडले की संपलं, मुलं जन्मभर तशीच उभी. रविवारी सकाळी त्यानं ऑफिसच्या कपाटातून दोघांना काढलं, कपडे आणि मुखवटे उतरवून ठेवले आणि चाक फिरवलं. एक फेरा घ्यायला तासभर लागला. दोघं एकदम आत जायला हवीत, म्हणून एका हातानं दोघांना धरून ठेवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी बु प्रिस्कांनी जोडपं मागितलं तेव्हा मात्र तो घाबरला. सांगायची हिंमत झाली नाही. शेतातून दोन ऊस आणले, धुरावर काळे केले, आणि जमेल तसं नेसवलं. काल पहाटे नवरीला कोंब फुटलेला दिसला.

"कोंब बघून मला हसू आलं. तुमची मुलगी ना, गप्प कशी बसेल?" तो म्हणाला. "मग भीती वाटली. तिचे कपडे आणि मुखवटा तेवढे माझ्या पेटीत ठेवलेत."

वेनिंग हसली नाही.

"व्याहीबुवा, मुलीचं लग्न पार पाडलंत आणि आईला बोलावलं नाहीत."

सारपाननं मान खाली घातली.

"मी एकदाच आई म्हणून पाटावर बसले होते. पुन्हा बसायचा योग आला नाही. मुलगी सासरी गेली आणि मला पत्ता नाही. वर्ष उलटून गेलं. रोज चारला येऊन माझ्या हातचा चहा प्यायलात, आणि गप्प राहिलात."

"तुम्ही परत येणार नाही, असं गावात सगळे म्हणत होते," सारपान म्हणाला. "घराला कुलूप होतं. मी चारला येऊन बघून जायचो. रोज. पाच महिने झाल्यावर मी धरून चाललो की या गावात आता मी एकटाच उरलो. मग मुलांचं कुणी करायचं? माझ्यामागं तर कुणीच नाही. म्हणून केलं. आणि तुम्ही आलात, तेव्हा सांगायची लाज वाटली. कोणत्या तोंडानं सांगू, की तुम्हाला वगळून लावलं?"

बाहेर एर्लांगची माणसं फलक चढवत होती, त्यांचे हातोडे ऐकू येत होते. साडेदहा झाले होते. खरं सांगावं तर सारपाननं संग्रहालयाची एकुलती एक मोलाची वस्तू नष्ट केली होती. न सांगावं तर तो चोर. दोन्हीकडून खोली जात होती. वेनिंग उठली.

"त्या दिवशी तार नेमकी कधी आली, आठवतं?" तिनं विचारलं.

"हो तर. माळा घालून झाल्या होत्या. तुम्ही उठत होता, सोपवणी करायला."

"उठत होते," वेनिंग म्हणाली. "उठले नव्हते."

६

बाराला पाच मिनिटं कमी असताना ती बु प्रिस्कांच्या खोलीत शिरली. एर्लांगही होता. तिनं मुंग्या, गोडीचा आकडा, उलट्या चुण्या, ग्रीसवरचा जळका भुसा, सगळं क्रमानं मांडलं आणि शेवटी सारपानचं नाव घेतलं. काही लपवलं नाही.

बु प्रिस्का थंडपणे म्हणाल्या, "म्हणजे चोरीपेक्षाही वाईट. संस्थेच्या वस्तूचा त्यांनी भुगा केला."

"वस्तू संस्थेची नव्हती." वेनिंगनं पिशवीतून एक पिवळा पडलेला टंकलिखित कागद काढला. शेवटच्या लग्नाच्या कार्यक्रमाचा. एकेक विधी पार पडला की पुढे पेनानं खूण केलेली. माळा, खूण. आशीर्वाद, खूण. त्यांखाली सोपवणी आणि गाळप या दोन ओळींपुढे खूण नव्हती. "ही ओळ वाचा. 'नवरीची आई आणि नवऱ्याचे वडील जोडप्याला कारखान्याच्या स्वाधीन करतील.' खूण नाही. गियाहला विचारा, गावात कुणालाही विचारा. सोपवणी होईपर्यंत मुलं आईबापांची असतात. कारखान्याला ती कधी मिळालीच नाहीत, मग त्याच्याकडून तुम्हाला कशी मिळतील? मुलाच्या बापानं लग्न पुरं केलं. आणि मुलीची आई मी आहे. माझी काही तक्रार नाही." ती थांबली. "म्हणजे आहे, पण ती आमची घरातली आहे."

बु प्रिस्कांनी कागद दोनदा वाचला.

"आणि ते नकली ऊस?" त्या म्हणाल्या. "लोकांना मी ते खरे म्हणून दाखवणार होते."

"ते चुकलं. त्याबद्दल तो येऊन तुमची माफी मागेल, मी मागायला लावेन."

एर्लांग खिडकीबाहेर बघत होता. तो एकदम म्हणाला, "चौदा महिने मी ते रोलर नुसते शोभेचे म्हणून घासून घेतले. ते शेवटचे कधी फिरले, असं मला कुणी विचारलं असतं तर मी पंचवीस वर्षांपूर्वी म्हणालो असतो." मग बु प्रिस्कांकडे वळून त्यानं सांगितलं, की तिकीटखिडकी दुसरीकडे होऊ शकते, त्या खोलीची त्याला गरज नाही.

बु प्रिस्का कागदावर बोट ठेवून बसल्या होत्या. "शनिवारी कपाटात मी काय ठेवू, बु वेनिंग?" त्यांनी विचारलं. तो आवाज पहिल्यांदाच संचालकाचा नव्हता.

शनिवारी लोक लोटले. काचेच्या कपाटात दोन मुखवटे होते, घडी घातलेली दोन बातिकं, आणि तो पिवळा कागद. त्या दोन ओळींपुढे आता निळ्या शाईत दोन खुणा होत्या, आणि त्यांखाली दोन सह्या. मधोमध एका बशीत रोलरच्या खाचेतून वेचलेला चमचाभर करडा भुसा. पाटीवर लिहिलं होतं, 'शेवटचं गाळप'. माहितीच्या टेबलापाशी रांग लागली होती आणि वेनिंगचा घसा बसला होता.

गर्दी ओसरल्यावर ती घरी आली. आधण ठेवलं. बरोबर चारला कडी वाजली.

सारपाननं आज इस्त्रीचा सदरा घातला होता. हातात काडेपेटी होती.

"मानपान राहिला होता," तो दारातच म्हणाला. "विहीण रुसलेली बरी नाही."

काडेपेटीत तोच करडा भुसा होता. भांड्यात पडला तेवढा, त्या रविवारी तिच्यासाठी म्हणून वेगळा काढून ठेवलेला. ती परत येणार नाही अशी खात्री असतानाही वेगळा काढून ठेवलेला.

वेनिंगनं पेटी हातात घेतली आणि तिथेच उंबऱ्यावर बसली. मुलगी सासरी गेली की आई रडते, ही जगाची रीत आहे. तिचं ते रडणं पंचवीस वर्षं राहून गेलं होतं. सारपान शेजारी उभा राहिला. आत आधण उकळून निम्मं झालं, तेव्हा तोच आत गेला आणि त्यानं चहा टाकला. साखर त्यानं तिच्यापेक्षा जास्तच घातली.